पाऊण काच

आमच्या आतोबांचा देवावर विश्वास नव्हता असं नाही, पण देवाला काच बसवलेली नसल्यामुळे त्यांचा त्याच्यावर पुरता भरवसा कधी बसला नाही. ज्या वस्तूच्या आत काय आणि किती आहे ते बाहेरून दिसत नाही, ती वस्तू मग रांजण असो, बरणी असो की माणूस असो, आतोबांच्या लेखी अर्धवट बनवलेली होती. जुन्या जालन्यात इतकी वर्षं काढली मी, नाना तऱ्हेचे लोक पाहिले, पण जगाची घडण एवढ्या एका मुद्द्यावर चुकली आहे असं मानून चालणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. निजामाच्या रेल्वेत इंजिन चालवून ते निवृत्त झाले आणि आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले. इंजिनाच्या बॉयलरला एक काचेची नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते आणि ती ड्रायव्हरने सतत बघायची असते. पाणी कमी झालं आणि कळलं नाही तर बॉयलर फुटतो. एवढी माहिती कुणाला नको असेल तरी आतोबांच्या घरचा चहा प्यायचा म्हणजे ती ऐकावीच लागे. "काच जिवंत पाहिजे," ते म्हणत. "जिवंत काच नाचते. गाडी हालली की पाणी काचेत वर-खाली, वर-खाली. नाचायचं थांबलं की समजायचं, नळी तुंबली. मंग ती काच खोटं बोलून राह्यली. खोट्या काचेवर गाडी चालवणाऱ्याला ड्रायव्हर म्हणायचं न्हाई." मी शाळेच्या वह्या तपासत हूं हूं करत असे. आत्या तर त्या वेळी नेमकी विहिरीवर जात असे.

निवृत्त झाल्यावर बघायला बॉयलर उरला नाही, तेव्हा त्यांनी घराला काचा बसवायला घेतल्या. आत्याच्या पिठाच्या डब्याला उभी फट पाडून काच बसवली. त्या फटीतून मुंग्यांची सोय झाली. लोणच्याची चिनी मातीची बरणी त्यांनी घराबाहेर काढली, कारण तिच्यात लोणचं संपत आल्याचं ती शेवटपर्यंत लपवून ठेवते. पाण्याच्या रांजणाला नळी लावायला त्यांनी खालच्या अंगाला भोक पाडायला घेतलं आणि रांजण मधोमध उकलला. ओटीभर पाणी झालं. आत्या पदर खोचून पाणी काढत म्हणाली, "आता दिसलं ना किती होतं ते?" त्यांच्याकडे जेवायला बसलेल्या पाहुण्याने 'पुरे' म्हटलेलं चालत नसे. वाढताना आतोबा विचारत, "किती भरलं?" आणि पाव, अर्धं, पाऊण असं मापात उत्तर द्यावं लागे. नवखा माणूस लाजून 'भरलं' म्हणाला तर ते भाकरी हातात तशीच धरून म्हणत, "भरलं तर तुम्हालाबी कळत न्हाई. काच न्हाई ना."

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात चोख देत असे ती मंदा. ही माझ्या धाकट्या आत्याची मुलगी. धाकटी आत्या कुंभार पिंपळगावला दिलेली. तिचे यजमान लवकर गेले, मागे शेती आणि ही एक पोर. मंदाला शाळेसाठी थोरलीकडे ठेवली होती आणि आतोबा-आत्याला स्वतःचं मूल नसल्यामुळे ती पुरती त्यांची झाली होती. "किती भरलं गं?" असं आतोबांनी, म्हणजे तिच्या काकांनी, विचारलं की ती न चुकता "पाऊण" म्हणायची आणि मग ते उरलेल्या पावाचा म्हणून भाकरीचा एक चतकोर तिच्या ताटात टाकायचे. शाळा संपवून ती आईकडे परत गेली त्यानंतर काही दिवस आतोबा चतकोर मोडून हातात धरत आणि मग तो स्वतःच खात.

गाडीचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते याच सुमाराला. मोटारीच्या मागे जोडायची एक दोनचाकी ट्रॉली औरंगाबादच्या छावणीतल्या लिलावात त्यांना मिळाली. तिच्यावर त्यांनी पत्र्याची खोली उभी केली. दोन झडपेच्या खिडक्या, मिटवून ठेवायचे दोन बाक, तांब्या अडकवायला आकडा, कोपऱ्यात पंपाचा स्टो. पुढे मोटारीऐवजी बैल. गावकऱ्यांनी तिचं नाव डबा ठेवलं. आतोबा तिला 'गाडी' म्हणत आणि बैल हाकणाऱ्या किसनला त्यांनी शिट्टी ऐकल्याशिवाय कासरा हलवायची मनाई केली होती. बैलांना शिट्टी कळत नव्हती. हिरवं निशाण दाखवलं की ते खायला तोंड पुढे करत.

गाडीत सगळं आलं, पण स्टोला लागणारं घासलेट ठेवायला टाकी हवी होती, आणि तिला काच हवी होती. टाकी निवडण्याच्या या कामात पावसाळा गेला. पहिल्या तेलवाल्याने आपल्या टाकीवर बोटांची गाठ आपटून सांगितलं, "आवाजावरून कळतं साहेब, बिलकुल बराबर." आतोबा म्हणाले, "मी भिंतीवर टकटक केली तर पलीकडं कोण जेवून राह्यलंय ते सांगता का?" दुसऱ्याने काठी बुडवून दाखवली. झाकण उघडून काठी बुडवणं म्हणजे आतोबांच्या मते वैद्याने नाडी बघायच्या ऐवजी पोट फाडून बघणं. तिसरा पत्र्याची कामं करणारा हुशार होता. त्याने मोडक्या मोटारीतला काटा काढून टाकीवर बसवला. आत तेलावर बुचाचं बोंडूक तरंगायचं आणि वर काटा फिरायचा. मला ती टाकी पसंत पडली होती, आणि मी तसं सांगितलंही. आतोबांनी काट्याकडे बघून मान हलवली. "काटा म्हंजे दुसऱ्यानं येऊन सांगितलेली गोष्ट, माय. काच म्हंजे आपण डोळ्यांनी बघितलेली."

शेवटी कापसाच्या एका जिनिंगच्या भंगारात तेलाच्या इंजिनाची टाकी पडलेली त्यांना दिसली. तिच्या अंगाला उभी काचेची नळी, खाली-वर पितळी जोड. त्या दिवशी घरी येऊन ते आत्याला म्हणाले, "चांगलं लुगडं नेस. दाखवायचंय एक." आत्याला वाटलं कापडबाजार. ती जांभळं लुगडं नेसून, अंबाड्यात शेवंती खोवून निघाली, आणि भंगाराच्या ढिगासमोर जाऊन उभी राहिली. मुलगी बघायला गेल्यासारखे आतोबा टाकीच्या समोरून, बाजूने, मागून फिरले. आत्याने एकच प्रश्न केला, "हिच्यात मावतं किती?" आतोबा म्हणाले, "ते काच सांगंन." आत्याने अंबाड्यातली शेवंती काढून टाकीवर ठेवली आणि म्हणाली, "झालं. ठरलं लगीन. चला आता घरी."

टाकी बसली. आता निघायचं कुठे, तर धाकटीकडे, कुंभार पिंपळगावला, मंदाला भेटायला. पण इंजिनावरचा एक नियम आतोबांनी बरोबर आणला होता: काच अर्ध्याच्या खाली गेली की गाडी पुढे न्यायची नाही. आणि पत्र्याची खोली बैल ओढतायत हे बघायला वाटेवर जो थांबेल त्याला आतोबा आत बोलावत, काच दाखवत आणि स्टो पेटवून चहा पाजत. पहिल्या खेपेला काच वाटेतल्या अंबडच्या पुष्कळ अलीकडे अर्ध्यावर आली आणि गाडी फिरली. दुसऱ्या खेपेला अंबडच्या देवीचा डोंगर समोर दिसत होता. आत्याने देवीची ओटी मांडीवर काढून ठेवली होती. आतोबांनी काच बघितली आणि लाल निशाण काढलं. "अवं, अंबडात घासलेट मिळत न्हाई का?" आत्या म्हणाली. आतोबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. घरी स्वतः फडक्यातून गाळलेल्या घासलेटाशिवाय दुसरं त्यांच्या टाकीत जात नसे. आत्याने डोंगराला तिथूनच हात जोडले आणि त्यानंतर बरेच दिवस ती आतोबांशी फक्त माझ्यामार्फत बोलली.

धाकट्या आत्याने थोरल्या बहिणीच्या, म्हणजे तिच्या जिजीच्या, घरी निरोप धाडला, "जिजीची गाडी लई चांगली आहे म्हणं. दोनदा निघाली आन् दोनदा घरी पोचली."

मग माघात मंदाचं लग्न ठरलं. बाप नसल्यामुळे कन्यादानाला जोडपं कोण बसणार हा प्रश्न होता, आणि मंदाला तो प्रश्नच वाटत नव्हता. धाकटीचा दीर पुढे झाला होता, पण पोरीने आईला सांगितलं, "काका-मावशी बसतील. न्हाई आले तर मी बाहेरच येत न्हाई." धाकटीचा निरोप आला तो असा, आणि यावेळी त्यात थट्टा नव्हती.

बसने जावं हे मी सुचवलं. बस अंबडपर्यंत होती, पुढे बैलगाडी मिळाली असती. आतोबा म्हणाले, "ज्या गाडीची काच मला दिसत न्हाई तिच्यात मी बसत न्हाई. आपण आपल्या गाडीनं जाऊ. टाकी पूर्ण भरतो. जातंय की." मी म्हटलं, "आणि काच अर्ध्यावर आली तर?" त्यावर ते चष्मा पुसत राहिले. नियम मोडण्याचा विचारही त्यांच्या मनात येत नव्हता आणि मंदाचं नाव निघालं की पुसलेला चष्मा ते पुन्हा पुसत होते, हे मला दिसत होतं.

निघायच्या आदल्या दुपारी मी आत्याकडे गेले तर आतोबा गाळायचं नवं फडकं आणायला बाजारात गेले होते आणि आत्या गाडीत टाकीसमोर मांडी घालून बसली होती. पितळी जोड घासायचं काम तिच्याकडेच असल्यामुळे ती नळी खोलायची-बसवायची तिला सवय होती. तिच्या हाताला घासलेट आणि धुण्याचा पिवळा साबण असा दोन्हींचा वास येत होता.

"काय करायलीस गं आत्या?"

"काय न्हाई. घासलेटाचा डबा गळाया लागला की साबण लावतो का न्हाई आपण? तसा लावला."

"कुठे गळत होतं?"

"गळत न्हवतं," ती म्हणाली. "आता हालायचंबी न्हाई."

टाकीतून नळीत येणारं खालचं भोक तिने साबणाने गच्च बुजवलं होतं आणि मग वरून नळीत घासलेट ओतलं होतं, पाऊण काच होईल इतकं. टाकी रिकामी झाली तरी काच पाऊणच राहणार होती. "वरपर्यंत का नाही भरलीस?" मी विचारलं. "येडी का काय तू? पूर्ण दिसली तर शंका येईल न्हाई का त्यांना. तीस वर्षं इंजिन चालवलंय माणसानं!" आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. शिक्षिका म्हणून मला या प्रकाराला दाद द्यावी लागली. कामाला जेवढं लागतं तेवढंच तिने केलं होतं.

संध्याकाळी आतोबांनी टाकी गाळून भरली आणि काच बघितली. "पाऊणच बसलं," ते म्हणाले, आणि झाकण लावलं.

सकाळी शिट्टी झाली, हिरवं निशाण हललं, बैलांनी तोंडं पुढे केली आणि आम्ही निघालो. दोन्हीकडे उभी ज्वारी, रस्ता खडीचा. प्रत्येक खड्ड्यात तांब्या आकड्याला आपटत होता, खिडकीची झडप वाजत होती, मी आणि आत्या एकमेकींच्या अंगावर पडत होतो. आतोबा नेहमीप्रमाणे काचेसमोरच्या बाकावर. थोडं अंतर गेल्यावर ते पुढे वाकले आणि काचेकडे बघत राहिले. खूप वेळ. आत्याने घाईने सूप ओढलं आणि घरून निवडून आणलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. आतोबांनी काचेकडून नजर काढली आणि आत्याकडे बघितलं. आत्या तांदळात इतकी गढली होती की तिने वर मान केलीच नाही.

"किसन," आतोबांनी बाहेर हाक दिली, "थांबलास का रे? हाक जल्दी!" किसन थांबलेलाच नव्हता.

त्या प्रवासात आतोबांनी चहा सोडला. पित्त झालंय म्हणाले. वाटेवरच्या लोकांनी गाडीभोवती गर्दी केली तर त्यांना "बाहेरूनच बघा, बाहेरून लई चांगली दिसते" असं सांगून वाटेला लावलं. पहिल्यांदा जिथून फिरलो होतो ते ठिकाण आलं, गेलं. डोंगर आला. आत्याने देवीपाशी जाऊन ओटी भरली आणि परत येताना पायरीवर बसून मला म्हणाली, "बघ, मी म्हणलं न्हवतं? त्यांना कळत न्हाई."

पुढे दोन्ही वेळचा स्वयंपाक स्टोवर होत गेला आणि शेवटच्या मुक्कामाला तिने स्टो भरायला तोटी उघडली तर दोन थेंब आले आणि तोटी कोरडी झाली. काचेत पाऊण. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. आतोबा उतरून आले, तोटीला कान लावला, वर काचेकडे बघितलं आणि गंभीरपणे निदान केलं.

"तोटी तुंबली."

"मंग खोलता का?" आत्याने भीत भीत विचारलं.

"वाटेवर मशीन खोलत न्हाईत. शेडात नेऊन खोलायची. टाकीत पाऊण हाय, नियमानं गाडी पुढं न्यायला हरकत न्हाई. तू चूल मांड."

किसनने तीन दगड आणले, मी काटक्या गोळा केल्या, आत्याने पिठलं टाकलं. धुराने डोळे चोळत आतोबा म्हणाले, "स्टोवर अशी चव येत न्हाई बघ." काचेपायी दोनदा परतून आलेला माणूस चुलीचं कौतुक करत होता, आणि आत्या भाकरी थापता थापता मला कोपराने ढोसत होती.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आम्ही वेशीत शिरलो. आतोबांनी इतक्या जोरात शिट्टी फुंकली की वरातीसाठी आणलेला घोडा बुजला. मंदा हळदीच्या अंगाने पळत आली. बायका "अगं बाहेर नको" करत तिच्या मागे. धाकटी आत्या गाडीला हात लावून म्हणाली, "दाजी, खरंच आलात की वो!" दुसऱ्या दिवशी आतोबा आणि आत्या पाटावर बसले. मंदाचा हात देताना आतोबांनी पाण्याच्या झारीकडे अशी टक लावली होती की भटजींना वाटलं पाण्यात काही पडलंय.

पंगत अर्धी झाली तरी त्यांचं ताट तसंच. मंदा मुंडावळ्या सावरत त्यांच्यासमोर येऊन वाकली.

"काका, किती भरलं?"

"पाऊण गं," ते म्हणाले.

तिने बुंदीच्या लाडवाचा चतकोर मोडून त्यांच्या ताटात टाकला. तो त्यांनी खाल्ला.

त्यानंतर गाडी फारशी कुठे गेली नाही. बैल किसनने नांगराला घेतले. गाडी आतोबांच्या परसात लिंबाखाली उभी आहे, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. इंजिनवाल्याला साबणाने कसं फसवलं ही गोष्ट मात्र आत्या घरी येईल त्याला सांगते. नवरा शेजारी बसलेला असला तरी सांगते. किंबहुना तो बसलेला असला तर तिला जास्त रंग चढतो. दर वेळी साबणाची वडी थोडी मोठी होते. आतोबा हात मांडीवर ठेवून ऐकतात आणि शेवटी कपाळाला हात लावून म्हणतात, "कळलंच न्हाई बघा. बिलकुल कळलं न्हाई." पाहुणे हसतात, आत्या सगळ्यांत जास्त.

मागच्या उन्हाळ्यात आत्याला आमटीत घालायला आमसुलं हवी होती आणि आमसुलांची बरणी गाडीतल्या बाकाखाली असते, म्हणून मी आत शिरले. धूळ, पिसं, कोळिष्टकं. टाकीची काच तेवढी लख्ख पुसलेली, आणि घासलेट बरोबर पाऊणवर. मी व्यवहारी बाई आहे. बाटलीला बूच लावायचं राहिलं तर घासलेट आठवड्या-दोन आठवड्यांत किती उडतं हे मला माहीत आहे. ही नळी वरून उघडी, आणि लग्नाला कितीतरी वर्षं झालेली. मंदाचा थोरला शाळेत जातो आता. मी बाकाखाली हात घातला तर बरणीच्या मागे एक लहानसं नरसाळं लागलं. ओलं होतं.

तशीच बाकावर बसले. खडीचा रस्ता आठवला, आकड्यावर आपटणारा तांब्या आठवला, आणि त्या सगळ्या आदळआपटीत जागची न हललेली ती काच. वह्या तपासता तपासता शंभर वेळा ऐकलेलं 'जिवंत काच नाचते' तेव्हा कुठे नीट कानात शिरलं.

दारात सावली पडली. आतोबा होते, हातात फडकं. त्यांनी माझ्या हातातलं नरसाळं बघितलं. ते त्यांनी माझ्याकडून घेतलं, पुसलं आणि बरणीच्या मागे होतं तिथे ठेवून दिलं. घरात आत्या कुणाला तरी गोष्ट सांगत होती. साबण आणायच्या जागेपर्यंत आली होती.

"आमसुलं सापडली न्हाईत का?" त्यांनी विचारलं.

"सापडली."

"मंग चल लवकर," ते म्हणाले, "मला कपाळाला हात लावायचाय."